तेलातलं सिलिकॉन: दोन पिकअप, दोन फिल्टर, अकरा महिन्यांच्या नोंदी

८ जानेवारी

ताफ्यात एकाच मॉडेलच्या दोन डिझेल पिकअप आहेत. अडीच लिटरचं टर्बो इंजिन, दोघींची धाव ८०,००० किलोमीटरच्या आसपास, कामही एकच: बराच डांबरी रस्ता आणि रोज थोडा कच्चा, धुळीचा. गाडी १ ला नेहमीचा कागदी एअर फिल्टर. गाडी २ ला तेल लावलेला, धुऊन पुन्हा वापरायचा सुती फिल्टर, माझ्या आधी हे काम बघणाऱ्यांनी बसवलेला.

मिस्त्रींचं मत ठाम आहे. "ताई, त्या जाळीतून उजेड दिसतो. उजेड जातो तिथून धूळ जाणार नाही का?" ड्रायव्हर म्हणतात सुती फिल्टरची गाडी चढाला जास्त ओढते. पुरावा दोघांकडेही नाही. म्हणून ठरवलं, तेलालाच विचारायचं.

कल्पना साधी आहे. रस्त्याची धूळ म्हणजे मुख्यतः सिलिका आणि सिलिका-ॲल्युमिनाची खनिजं. त्यातला क्वार्ट्‌झ मोह्‌सच्या मोजपट्टीवर ७ इतका कडक, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत) यांना घासायला पुरेसा. त्या दोघांमधली तेलाची फिल्म जेमतेम काही मायक्रॉनची. फिल्टर चुकवून आत आलेला कण तिथे अडकतो, दोन्ही बाजू खरवडतो आणि शेवटी तेलात उतरतो. वापरलेलं तेल लॅबला दिलं की सिलिकॉन किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) ते कळतं, आणि जोडीला झिजेचे धातूही. सिलिकॉन जास्त म्हणजे फिल्टर वाईट, असं सध्या गृहीत धरलंय.

दोन्ही गाड्यांचं तेल आज बदललं. धुळीतलं काम म्हणून आम्ही ५,००० किलोमीटरलाच बदलतो. गाडी १ ला नवा कागदी फिल्टर घातला. बसवण्याआधी सहज काट्यावर ठेवला: ४१२.६ ग्रॅम. आकडा पेनने कडेवर लिहिला. त्याचं पुढे काय करायचं ते ठरवलेलं नाही.

११ जानेवारी

कोऱ्या तेलाची एक बाटली लॅबला पाठवली. हे अनेक जण गाळतात आणि मग फसतात. तेलात फेस होऊ नये म्हणून जे रसायन घालतात ते बहुतेक वेळा सिलिकॉनचंच असतं, त्यामुळे डब्यातलं न वापरलेलं तेलही शून्य दाखवत नाही. ती वजाबाकी माहीत असल्याशिवाय पुढच्या आकड्यांना अर्थ नाही.

नमुना घ्यायची पद्धत लिहून भिंतीवर लावली. गाडी चालून आल्यावर, तेल गरम असताना. ड्रेन प्लगभोवतीचा चिखल आधी पुसून. पहिली धार जाऊ द्यायची, मधली बाटलीत घ्यायची, शेवटची नाही, कारण तळाचा गाळ तिच्यात येतो. बाटली लॅबचीच आणि झाकण आयत्या वेळी उघडायचं. मधे तेल टाकलं असेल तर किती ते लिहायचं. नवं तेल पडलं की आकडे पातळ होतात आणि इंजिन आहे त्याहून निरोगी दिसतं.

२० फेब्रुवारी

दोन्ही गाड्यांचे ५,००० पूर्ण. नमुने घेतले, तेल बदललं. गाडी २ मध्ये मधे ४०० मिली टाकलं होतं, गाडी १ मध्ये काहीच नाही.

२ मार्च

रिपोर्ट आले. आकडे पीपीएममध्ये.

कोरं तेल: सिलिकॉन ५, ॲल्युमिनियम १, बाकी धातू नगण्य.
गाडी १ (कागदी): सिलिकॉन ९, ॲल्युमिनियम ४, लोह २२, क्रोमियम १, शिसं २, तांबं ४.
गाडी २ (सुती): सिलिकॉन ३७, ॲल्युमिनियम १३, लोह ५८, क्रोमियम ४, शिसं ३, तांबं ५.

मिस्त्रींना दाखवलं. ते काही बोलले नाहीत, फक्त हसले. मीही तेव्हाच गाडी २ चा सुती फिल्टर काढून फेकणार होते. पण एका नमुन्यावर निकाल द्यायचा नाही असं स्वतःच भिंतीवर लिहिलंय, तेव्हा गप्प बसले.

३ मार्च

रात्री दुसरी शक्यता सुचली. सिलिकॉन फक्त धुळीतून येत नाही. नळीतून काढून लावतात तो सीलंट सिलिकॉनचाच. नव्याने उघडून बांधलेल्या इंजिनात तो पुढचे दोन-तीन तेलबदल झिरपत राहतो. कूलंटमध्येही सिलिकेट असतात. गाडी २ चं व्हॉल्व्ह कव्हर चारेक महिन्यांपूर्वी उघडलं होतं.

पण सिलिकॉन एकटं वाढलेलं नाही, आणि खरी गोष्ट तिथे आहे. सीलंट झिरपला तर फक्त सिलिकॉन चढतं. कूलंट गळलं तर सोबत सोडियम किंवा पोटॅशियम दिसतं, आणि ती दोन्ही इथे जागच्या जागी आहेत. धूळ आली तर ॲल्युमिनियमही येतं, कारण मातीत ते असतंच. कोऱ्या तेलाचे आकडे वजा केले तर गाडी २ मध्ये सिलिकॉन ३२ आणि ॲल्युमिनियम १२ वाढलंय, म्हणजे अडीच-पावणेतीनास एक. मातीला शोभेल असं प्रमाण आहे, थोडं ॲल्युमिनियम पिस्टनचं धरूनही. लोह आणि क्रोमियमही चढलंय, म्हणजे लायनर आणि रिंगा घासल्यात.

शिसं आणि तांबं मात्र दोन्ही गाड्यांत जवळपास सारखं. हेही कामाचं आहे. माती थेट तेलात पडली असती, म्हणजे घाणेरड्या नरसाळ्यातून किंवा उघड्या राहिलेल्या झाकणातून, तर ती तेलाबरोबर फिरून बेअरिंगवर गेली असती आणि शिसं-तांबं आधी वाढलं असतं. इथे वरचा भाग झिजलाय, खालचा शाबूत आहे. धूळ हवेच्या वाटेनेच आली.

९ मार्च

आज हिशोब मांडला. तो आधीच मांडायला हवा होता.

५,००० किलोमीटरला ही गाडी सुमारे ४१७ लिटर डिझेल पिते (लिटरला १२ धरून). डिझेल इंजिन गरजेपेक्षा बरीच जास्त हवा ओढतं. एका लिटरमागे सुमारे १८ घनमीटर धरली तर एकूण ७,५०० घनमीटर हवा फिल्टरमधून गेली. त्या हवेत धूळ किती? इथे अंदाज करत बसणार होते, तेवढ्यात गाडी १ च्या फिल्टरवर लिहिलेलं वजन आठवलं. फिल्टर काढला, एक दिवस खोलीत कोरड्या जागी ठेवला (कागद दमट हवेत ओल धरतो आणि वजन फसवतं), मग काट्यावर ठेवला: ४१७.५ ग्रॅम. वाढ ४.९ ग्रॅम. एअर बॉक्सच्या तळाशी पडलेली धूळ ब्रशने गोळा केली, ती ग्रॅमभर. मिळून ६ ग्रॅम. म्हणजे सरासरी घनमीटरला ०.८ मिलिग्रॅम. डांबरी रस्त्यावर यापेक्षा पुष्कळ कमी असणार आणि कच्च्यावर कितीतरी पट, पण इंजिनाच्या पदरात पडली ती एवढी.

आता तेलाची बाजू. इंजिनात साडेसहा लिटर तेल, वजन ५.६ किलो. एक पीपीएम म्हणजे किलोमागे एक मिलिग्रॅम, म्हणून सिलिकॉन १ पीपीएमने वाढणं म्हणजे तेलात ५.६ मिलिग्रॅम सिलिकॉन. धुळीच्या वजनात सिलिकॉन साधारण एक तृतीयांश, तेव्हा १ पीपीएममागे १७ मिलिग्रॅम धूळ. गाडी २ चे ३२ पीपीएम म्हणजे ५४० मिलिग्रॅम, अर्धा ग्रॅम आणि वर थोडी.

सहा ग्रॅम आली आणि त्यातली अर्धा ग्रॅम तेलात सापडली. म्हणजे नऊ टक्के. तेही तेलात राहिलेली धूळ तेवढीच मोजून. आत शिरलेली बरीचशी धूळ एक्झॉस्टमधून बाहेर जाते, म्हणजे प्रत्यक्षात नऊ टक्क्यांहून जास्त आत शिरली असणार. कुठलाही शाबूत फिल्टर, कागदी असो की सुती, इतकी धूळ सोडत नाही. फाटलेला सोडेल. पण हा फाटलेला नाही, उजेडासमोर धरून इंच न् इंच पाहिला.

तेव्हा संशय फिल्टरवरून उठून फिल्टरच्या शेजाऱ्यांवर गेला. मिस्त्रींना पटलेलं नाही.

१० मार्च

एक खोट माझ्याच मांडणीत सापडली. दोन्ही गाड्या रोज एकापाठोपाठ निघतात आणि गाडी २ नेहमी मागे असते. म्हणजे कच्च्या रस्त्यावर ती गाडी १ ने उडवलेली धूळ खात जाते, आणि माझे सहा ग्रॅम तिला लागूच नाहीत. दुप्पट धरले तरी साडेचार टक्के उरतात, जास्तच आहेत, पण कालची माझी खात्री जरा ढिली झाली.

आता दोन बदल. एक, आठवड्याआड क्रम उलटा. दोन, फिल्टरची अदलाबदल: गाडी १ ला सुती, गाडी २ ला नवा कागदी. सिलिकॉन फिल्टरच्या मागे गेलं तर दोष फिल्टरचा, गाडीत राहिलं तर गाडीचा. तेल अजून नवंच आहे, पण चारशे किलोमीटर झालेत, म्हणून ते पुन्हा बदलूनच सुरुवात केली. मिस्त्री म्हणाले, "चांगलं तेल ओततोय आपण." खरं आहे, पण अर्धवट मोजण्यापेक्षा हे बरं.

२६ मार्च

मधली एक नोंद, थेट तेलाशी संबंध नसलेली. आज कळलं की मिस्त्री दर शनिवारी दोन्ही गाड्यांचे फिल्टर काढून कॉम्प्रेसरच्या हवेने झाडतात. चांगल्या हेतूनेच. मला हे माहीत नव्हतं आणि त्यांना सांगावंसं वाटलं नाही, कारण त्यांच्या लेखी ती गाडी पुसण्याइतकी साधी गोष्ट.

समजावून सांगायला बराच वेळ गेला. फिल्टर नवा असतो तेव्हाच त्याची धूळ अडवण्याची ताकद सर्वांत कमी असते. वापरात कागदावर धुळीचा पातळ थर बसतो आणि तो थरच पुढची बारीक धूळ धरतो. आयएसओ ५०११ ही एअर फिल्टरची चाचणी याच कारणाने सुरुवातीची कार्यक्षमता वेगळी आणि फिल्टर भरेपर्यंतची एकूण कार्यक्षमता वेगळी मोजते. हवेचा झोत मारून आपण तो थर उडवतो, कागदाची छिद्रं ताणतो, आणि शिवाय दर वेळी बॉक्स उघडला की रबरी कडा पुन्हा नीट बसेलच याची हमी नाही. फिल्टर काळा दिसतो म्हणून तो भरला असंही नाही.

"मग कळणार कसं भरला ते?" त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर म्हणून फिल्टरनंतरच्या पाइपला निर्वात, म्हणजे इंजिनाची ओढ, दाखवणारा मीटर बसवतेय; फिल्टर भरत जातो तशी ती वाढते. जड डिझेल इंजिनांवर असे दर्शक असतात, साधारण ५ ते ६ किलोपास्कलला लाल होतात. आपल्या गाडीला तेवढी मुभा नाही, निर्मात्याने दिलेली मर्यादा चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवली. शनिवारची झाडणी बंद. आणि माझे सहा ग्रॅम म्हणजे झाडणीनंतर उरलेली धूळ, खरी आली ती याहून जास्त.

२४ एप्रिल

अदलाबदलीनंतरचे ५,००० झाले. नमुने रवाना. या वेळी गाडी १ च्या तेलाच्या दोन बाटल्या भरल्या, वेगवेगळ्या नावांनी. लॅबवर अविश्वास नाही, पण एकच तेल दोनदा मोजलं तर किती फरक पडतो ते बघायचंय.

४ मे

गाडी १ (आता सुती): सिलिकॉन ९ आणि ११ (त्या दोन बाटल्या), ॲल्युमिनियम ४ आणि ४, लोह २३ आणि २४, क्रोमियम १.
गाडी २ (आता नवा कागदी): सिलिकॉन ३३, ॲल्युमिनियम १२, लोह ५१, क्रोमियम ३.

सिलिकॉन गाडीतच राहिलं. क्रम उलटसुलट करूनही राहिलं. कोरा कागदी फिल्टर घालून ३३, आणि बदनाम सुती फिल्टर दुसऱ्या गाडीत जाऊन १०.

मिस्त्रींनी रिपोर्ट दोनदा वाचला, मग टोपी मागे सारून म्हणाले, "चला, पाइप उघडू."

६ मे

पाइप उघडायच्या आधी कुठला उघडायचा याचा विचार. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो, म्हणून त्याच्या पुढे इंजिनापर्यंतचा मार्ग भार असताना दाबाखाली असतो. तिथे चीर असेल तर हवा बाहेर फुंकली जाईल, धूळ आत येणार नाही. धूळ ओढू शकणारा भाग फक्त फिल्टर ते टर्बोच्या तोंडापर्यंतचा, कारण तिथे ओढ असते. फिल्टरच्या अलीकडची गळती बिनमहत्त्वाची, तिथली हवा तशीही फिल्टरमधूनच जाणार. म्हणजे शोधायची जागा हातभर लांबीची: बॉक्सचं झाकण, फिल्टरची कडा, हवेचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरचा जोड, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) श्वासनळीचा जोड, घडीची रबरी होज, दोन क्लॅम्प.

झाकणाचा एक चाप मोडका निघाला. फिल्टरच्या रबरी कडेवर त्या बाजूला धुळीची बारीक रेघही होती. दोघंही खूश. चाप बदलला.

खात्रीसाठी पाइपच्या आतल्या भिंतीवर टर्बोच्या अलीकडे पेट्रोलियम जेलीचा पातळ थर बोटाने फिरवला. पाइप स्वच्छ असेल तर थर स्वच्छ राहतो, धूळ येत असेल तर चिकटते. थर अगदी पातळ हवा, गोळा सुटून टर्बोत जायला नको.

१९ मे

९०० किलोमीटरनंतर पाइप उघडला. जेलीत वाळू. बोटांत चोळली की करकर ऐकू येते. चाप हे कारण नव्हतं, निदान एकटं नव्हतं. या टप्प्यावर मला जरा वैताग आला, कबूल करते.

मात्र जेलीने एक जास्तीची माहिती दिली. वाळू सगळीकडे सारखी नव्हती, पाइपच्या खालच्या अंगाला दाट होती आणि फिल्टरच्या बाजूला जवळजवळ काहीच नव्हतं. म्हणजे शिरकाव फिल्टरनंतर आणि खालून.

२१ मे

धूर सोडून पाहिला. इंजिन बंद, फिल्टरच्या बाजूने पाइप बंद करून आत कमी दाबाने धूर. कुठूनच येईना. अर्ध्या तासाने मिस्त्रींनी इंजिनाला पहारीने हलका हिसका दिला, भार पडल्यावर ते फाउंडेशनवर (ज्या रबरी आधारांवर ते बसवलेलं असतं त्यांवर) जसं कलतं तसा. घडीच्या होजखालून धुराची सुतासारखी रेघ निघाली आणि इंजिन जागेवर आलं की थांबली.

होज काढली. खालच्या अंगाला, दोन घड्यांच्या खाचेत, अडीच सेंटिमीटरची चीर. होज सरळ असताना ओठ मिटलेले, वाकवली की उघडतात. वरून आरसा लावूनही दिसली नसती. आणि जागा तीच, जिथे पुढच्या चाकाने उडवलेली धूळ बॉनेटखाली येते. हवा घ्यायचं मूळ तोंड मडगार्डच्या वर, तुलनेने स्वच्छ हवेत आहे. ही चीर थेट धुळीच्या लोटात श्वास घेत होती. सहा ग्रॅमच्या हिशोबात न बसणारी धूळ कुठून आली ते आत्ता कळलं: ती त्या सहा ग्रॅममध्ये नव्हतीच.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात आली आणि मला ती फार आवडली, म्हणजे वाईट असूनही. फिल्टर जसजसा भरतो तसतशी त्याच्यामागची ओढ वाढते आणि चिरेतून येणारी कच्ची हवाही वाढते. भरत आलेला फिल्टर एरवी धूळ जास्त चांगली अडवतो, पण पाइपला भोक असेल तर तोच जास्त धूळ ओढायला लावतो.

नवी होज, दोन नवे क्लॅम्प, पाइप आतून पुसून कोरडा. तेल बदललं. जेलीचा नवा थर.

३० मे

जेली स्वच्छ.

१२ जुलै

पाच हजारांचे नमुने. गाडी २: सिलिकॉन १३, ॲल्युमिनियम ५, लोह ३४, क्रोमियम २. उतरलं, पण गाडी १ इतकं नाही. ड्रेन केलं तरी थोडं जुनं तेल खोबणींत आणि नळ्यांत उरतंच, ते नव्यात मिसळतं. एका तेलबदलात आकडा जमिनीवर येईल अशी अपेक्षा नको.

गाडी १ ने मात्र दचकवलं: सिलिकॉन २९.

पुढचे आकडे वाचले तेव्हा जीव भांड्यात पडला. ॲल्युमिनियम ४, लोह २२, क्रोमियम १. काहीच हललेलं नाही. सिलिकॉन एकटंच चढलंय. मिस्त्रींना विचारलं, मधल्या काळात काही उघडलं होतं का. "व्हॉल्व्ह कव्हर पाझरत होतं ताई, सीलंट लावला. लिहायचं होतं का?" लिहायचं होतं. वहीत आता त्यासाठी वेगळा रकाना आहे.

मार्चमध्ये गाडी २ वर जो संशय घेतला होता तो गाडी १ मध्ये खरा ठरला. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत: मार्चचा ३७ आणि जुलैचा २९. फक्त सिलिकॉनची ओळ वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच आजारी वाटतील.

यातलं नुकसान वेगळंच आहे. गाडी १ चं सिलिकॉन पुढचे काही महिने फिल्टरबद्दल काहीच सांगणार नाही. म्हणजे दोन फिल्टरची तुलना आता एकट्या गाडी २ वर.

२ सप्टेंबर

गाडी २, कागदी फिल्टर, नव्या होजसह दुसरा तेलबदल: सिलिकॉन १०, ॲल्युमिनियम ४, लोह २५, क्रोमियम १. ही तिची निरोगी पातळी मानते. आज तिला सुती फिल्टर परत घातला, धुऊन, वाळवून, तेल लावून. तेल मोजून लावलं. जास्त झालं तर ते पुढे सेन्सरच्या तारेवर जाऊन बसू शकतं, कमी झालं तर फिल्टर ही नुसती जाळी. आमच्या दोघांच्या हातून एकाच बाटलीतलं तेल लावलं तरी दोन वेगळे फिल्टर तयार होतात, हे स्वतः बघितलं.

१९ ऑक्टोबर

गाडी २, सुती: सिलिकॉन ११, ॲल्युमिनियम ४, लोह २६, क्रोमियम १.

१० आणि ११. एप्रिलमध्ये एकाच तेलाच्या दोन बाटल्यांनी ९ आणि ११ दाखवलं होतं. तेव्हा या एकाचा अर्थ काढायचा नाही.

हिशोबही तेच सांगतो. सहा ग्रॅम धुळीवर ९९.५ टक्क्यांचा फिल्टर ३० मिलिग्रॅम सोडतो, ९८ टक्क्यांचा १२०. आकड्यांत चौपट फरक. पण सगळीच्या सगळी धूळ तेलात राहिली असं धरलं तरी तो पावणेदोन विरुद्ध सात पीपीएम होतो, आणि त्यातली बरीचशी एक्झॉस्टने निघून गेली की उरलेला फरक लॅबच्या चढउतारात बुडतो. कोऱ्या तेलाचे ५, रबरातून झिरपणारं थोडं, मागच्या तेलाचं थोडं, या सगळ्याच्या वर तो दिसायला हवा. आमच्या रस्त्यांवर तो दिसत नाही. खाणीत किंवा नांगरणीत चालणाऱ्या यंत्राला धूळ कित्येक पट जास्त मिळते, तिथे कदाचित दिसेल.

दुसरी मर्यादा यंत्राची. लॅब आयसीपी वापरते, एएसटीएम डी५१८५ पद्धत. तेल पातळ करून त्याचा फवारा आर्गॉनच्या प्लाझ्मात जातो आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देतं. पण पाचेक मायक्रॉनच्या वरचे कण फवाऱ्यात नीट वाहत नाहीत आणि पूर्ण जळतही नाहीत, म्हणून मोजणीत येत नाहीत. इंजिनाला सर्वांत जास्त त्रास देणारे कण तिथूनच पुढे सुरू होतात. म्हणून सिलिकॉन कमी दिसलं एवढ्यावर फिल्टरला शाबासकी देता येत नाही. लोह आणि क्रोमियम शांत आहेत का ते पाहावं लागतं, कारण कण दिसला नाही तरी त्याने खरवडलेला धातू बारीक असतो आणि तो दिसतो. इथे ते शांत आहेत, दोन्ही फिल्टरना.

८ जानेवारीच्या प्रश्नाचं उत्तर तेलाकडून मिळणार नाही. ते हवं असेल तर दोन्ही फिल्टर चाचणीच्या बाकावर आयएसओ १२१०३-१ ची ठरावीक धूळ फुंकून तोलावे लागतील.

२१ ऑक्टोबर

मिस्त्रींनी विचारलं, मग आता कुठला ठेवायचा. मी कागदी म्हटलं. रिपोर्टमुळे नाही. सुती फिल्टर किती चांगला हे दर वेळी धुणाऱ्याच्या हातावर ठरतं, आणि आमच्याकडे हात दोन-तीन आहेत. त्यांनी "मी जानेवारीत काय सांगत होतो" असा चेहरा केला. मी वाद घातला नाही.

ड्रायव्हरांना चढावरच्या ओढीबद्दलही विचारलं. निर्वाताच्या मीटरवर पूर्ण भाराला दोन्ही फिल्टरमध्ये अर्ध्या किलोपास्कलचाही फरक नव्हता. ते म्हणाले, मीटरला काय कळतंय.

६ नोव्हेंबर

तेल बदलायच्या यादीत दोन ओळी वाढवल्या: पाइपमधला जेलीचा थर बघणे, आणि होज हाताने वाकवून घड्यांच्या खाचा बघणे. पाच मिनिटांचं काम. चिरलेली जुनी होज हत्यारांच्या फळीवर टांगली आहे, चिरेत काडी खुपसून, नाहीतर नवीन माणसाला ती सापडत नाही.

दोन्ही गाड्यांना कागदी फिल्टर, कडेवर वजन लिहून: गाडी १ चा ४११.९, गाडी २ चा ४१३.२ ग्रॅम. गाडी १ चं सिलिकॉन २९ वरून १७ आणि आता १२ वर आलंय, ॲल्युमिनियम अजून ४. पुढचा नमुना डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात.